आभाळात आगीचा लोळ दिसला तर काय करायचं? वेळ, दिशा अन् पंचनामा विसरू नका

अहिल्यानगर : रब्बीच्या दिवसांत शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. कांद्याला, गव्हाला पाणी धरलेला शेतकरी मध्यरात्री बांधावर उभा असतो. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या बैलगाड्या पहाटेच्या अंधारात फडाकडे निघतात. अशा वेळी एखाद्या रात्री सगळं शिवार अचानक उजळतं. वर पाहावं तर हिरवट-पांढरा लोळ आभाळ चिरत जातो, शेपटी दिसते, तुकडे होतात आणि पुन्हा गडद अंधार. कधी दोन-चार मिनिटांनी ढगासारखा गडगडाट ऐकू येतो.

मग फोन सुरू होतात. 'विमान पडलं', 'डोंगराच्या पलीकडं काहीतरी कोसळलं', 'शेजारच्या देशानं काहीतरी सोडलं' असे मेसेज ग्रुपवर फिरतात. सकाळपर्यंत दहा गावांत दहा गोष्टी तयार होतात. ज्यानं तो लोळ डोळ्यांनी पाहिला, त्याला मात्र किती वाजता, कुठून कुठं गेला हे कुणी विचारत नाही. दोन दिवसांत तोही विसरतो.

खरं तर हीच माहिती सगळ्यात मोलाची असते. वरून दगड पडला असेल तर तो शोधायला तीच उपयोगी पडते. धातूचा तुकडा पडून नुकसान झालं असेल, तर भरपाईचा मार्गही नीट नोंदीतूनच जातो.

जामखेडचं नाव जगाच्या यादीत

आकाशातून पडलेल्या दगडाला मराठीत अशनी म्हणतात. जगभरात सापडलेल्या अशनींची एक शास्त्रीय यादी आहे. दगड ज्या गावाजवळ पडला, त्या गावाचं नाव दगडाला देण्याची रीत आहे. या यादीत 'जामखेर' नावाचा एक दगड आहे. हे जामखेर म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं जामखेड. इंग्रज अमदानीत, ऑक्टोबर १८६६ मध्ये हा दगड पडल्याची नोंद आहे. शास्त्रज्ञांनी त्याला 'एच ६' हा वर्ग दिला आहे. यातला 'एच' म्हणजे लोहाचं प्रमाण जास्त असलेला दगड.

त्या काळी फोन नव्हता, कॅमेरा नव्हता. तरीही कुणीतरी दगड उचलला, तो जपून पुढं पोहोचवला आणि तारीख लिहिली गेली. म्हणून आज दीडशेहून जास्त वर्षांनीही जामखेडचं नाव त्या यादीत आहे. खानदेशातल्या मानेगावचं नावही १८४३ च्या नोंदीमुळं असंच टिकलं.

अलीकडचं उदाहरण नागपूर जिल्ह्यातल्या काटोलचं. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी मोठा आवाज झाला आणि काटोल परिसरात दगड पडले. लोकांनी ते दाखवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं नमुने गोळा केले आणि 'काटोल' हे नाव यादीत गेलं.

लोळ म्हणजे नक्की काय?

अवकाशात खडकांचे लहान-मोठे तुकडे फिरत असतात. ते पृथ्वीच्या हवेत शिरतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असतो. म्हणजे नगरहून पुण्याला पोहोचायला फार तर दहा-अकरा सेकंद लागतील. एवढ्या वेगानं समोरची हवा दाबली जाते, तापते आणि तुकडा पेटल्यासारखा दिसतो. हे साधारण १०० किलोमीटर उंचीच्या आसपास सुरू होतं.

रोज रात्री दिसणारा 'तुटता तारा' म्हणजे वाळूच्या कणाएवढा किंवा हरभऱ्याएवढा तुकडा. तारा कधी तुटत नसतो. आभाळातले सगळे तारे जागच्या जागी असतात. तुकडा मोठा असला की उजेडही मोठा पडतो. शुक्राच्या चांदणीपेक्षा जास्त तेज असलेल्या उल्केला अग्निगोळा म्हणतात.

त्याचा रंगही काही सांगतो. हिरवट झाक बहुतेक वेळा मॅग्नेशियममुळं येते, पिवळी झाक सोडियममुळं. लालसर रंग आसपासच्या तापलेल्या हवेचा असतो.

बहुतेक तुकडे वरच संपतात. मोठ्या खडकाचा काही भाग उरला, तर साधारण २० किलोमीटर उंचीवर त्याचा वेग मोडतो आणि उजेड विझतो. तिथून पुढं तो अंधारात, साध्या दगडासारखा खाली येतो. म्हणूनच जमिनीपर्यंत पेटत आलेला लोळ पाहिल्याचं कुणी सांगत असेल, तर बहुधा डोळ्यांची फसगत झालेली असते.

आणखी एक गैरसमज आहे. हा दगड खाली येईपर्यंत गार किंवा फार तर कोमट असतो. त्यानं सहसा आग लागत नाही. त्याच रात्री कुणाची कडब्याची गंजी पेटली, तर उल्केकडं बोट दाखवून मोकळं होऊ नये. तारा, शॉर्टसर्किट, विडीचं थोटूक ही कारणं आधी तपासावीत आणि पंचनामा त्याप्रमाणे करून घ्यावा. नाहीतर मदतीचा अर्ज कारणावरच अडतो.

'डोंगरामागं पडलं' असं का वाटतं?

रात्री आभाळात अंतराचा अंदाज येत नाही. लोळ शेजारच्या टेकडीमागं गेला असं वाटतं, पण तो दुसऱ्या जिल्ह्यावर असू शकतो.

हे साध्या मोजमापानं समजतं. हात पूर्ण लांब करून मूठ डोळ्यांसमोर आडवी धरली, तर ती आभाळाचे साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत अशा नऊ मुठी बसतात. आता समजा, नगर शहरातून पूर्वेला क्षितिजाच्या वर दोन मुठी उंचीवर लोळ दिसला आणि तो जमिनीपासून ८० किलोमीटर उंच होता. तर त्याच्या खालची जमीन सुमारे २०० किलोमीटरवर येते, म्हणजे परभणीच्या आसपास. नगरकर मात्र तो चांदबिबीच्या महालाच्या डोंगरामागं शोधत बसतील.

एका माणसाच्या सांगण्यावरून जागा सापडत नाही, ती दोन गावांच्या सांगण्यावरून सापडते. संगमनेरचा माणूस म्हणाला लोळ बरोबर पूर्वेला विझला आणि जामखेडचा म्हणाला बरोबर उत्तरेला. नकाशावर दोन्ही गावांतून रेघा ओढल्या तर त्या पैठणच्या आसपास एकमेकींना कापतात. बांधावर मोजणी करताना दोन खुणांवरून तिसरी काढतात, तसाच हा प्रकार. म्हणून प्रत्येक गावातली एक नीट नोंद लाखमोलाची.

लोळ, रॉकेटचा तुकडा की ड्रोन? असं ओळखावं

• उल्का, अग्निगोळा : एक ते पाच-सात सेकंदांत खेळ संपतो. वेग प्रचंड. खिशातून मोबाईल काढेपर्यंत सगळं झालेलं असतं.

• रॉकेट किंवा उपग्रहाचे जळते तुकडे : अर्ध्या मिनिटापासून एक-दोन मिनिटांपर्यंत दिसतात. जवळपास आडवे आणि सावकाश जातात. एकामागोमाग अनेक ठिणग्या, प्रत्येकीला शेपटी. याचे व्हिडिओ निघतात.

• स्टारलिंकचे उपग्रह : मोत्यांच्या माळेसारखे ठिपके एका ओळीत सरकतात. आवाज नाही, शेपटी नाही. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी दिसतात.

• अवकाश स्थानक : एकच ठळक ठिपका, न लुकलुकता चार-सहा मिनिटांत आभाळ पार करतो.

• विमान, ड्रोन : दिवे लुकलुकतात, लाल-हिरवा रंग दिसतो. ड्रोन एका जागी थांबतो, वळतो. उल्का कधीच थांबत नाही आणि वळतही नाही.

• शुक्र : संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला ठळक दिसतो, जागचा हलत नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी पडलेलं कडं

हा फरक का महत्त्वाचा आहे, हे २ एप्रिल २०२२ रोजी दिसलं. त्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भातल्या लोकांनी जळत्या ठिणग्यांची रांग आभाळात जाताना पाहिली. अनेकांना तो उल्कापात वाटला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. परिसरात धातूचा गोळाही सापडला.

हा दगड नव्हता. चीननं फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटचा तिसरा टप्पा पृथ्वीवर परत येताना जळाला असावा, असं अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. इस्रोच्या पथकानंही जागेवर येऊन तुकड्यांची पाहणी केली. एवढं मोठं कडं एखाद्या घरावर पडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारच केलेला बरा.

अशा वस्तूबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : हात लावू नये, जवळ जाऊ नये. टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश किंवा दाबाखालचा वायू असू शकतो. पोरांना आणि जनावरांना लांब ठेवावं.

दुसरी : भंगारात घालू नये. आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशात सोडलेली वस्तू कुठंही पडली तरी मालकी सोडणाऱ्याचीच राहते.

तिसरी आणि शेतकऱ्याच्या कामाची : अशा वस्तूमुळं माणूस, जनावर, घर किंवा पिकाचं नुकसान झालं, तर भरपाईची जबाबदारी ती सोडणाऱ्या देशावर असते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात तसं ठरलं आहे आणि भारत त्यात सामील आहे. हा दावा शेतकऱ्यानं स्वतः परदेशात करायचा नसतो, तो सरकार सरकारकडं करतं. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा 'कॉसमॉस ९५४' उपग्रह कॅनडात पडला. साफसफाईच्या खर्चापोटी पुढं रशियानं कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. पण दाव्याला कागद लागतो. म्हणून तलाठ्याकडून पंचनामा, फोटो आणि तारीख-वेळ याशिवाय तुकडा जागचा हलू देऊ नये.

लोळ दिसल्यावर लगेच काय करावं?

१. वेळ : मोबाईलवरची वेळ मिनिटासकट टिपावी. स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला तरी वेळ आपोआप नोंदली जाते.

२. कान द्यावा : उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत किती मिनिटं-सेकंद गेले ते मोजावं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. पाच मिनिटांनी गडगडाट आला तर लोळ सुमारे १०० किलोमीटर दूर होता. आवाज आलाच नाही, तर तेही लिहावं.

३. खिडकी आणि काचेपासून लांब राहावं : रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी साधारण २० मीटरचा खडक हवेत फुटला. उजेड पाहायला लोक खिडक्यांशी आले आणि काही वेळानं आलेल्या धक्क्यानं काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांनी. उजेड फारच लख्ख असेल, तर काही मिनिटं काच आणि सैल पत्र्यापासून बाजूला थांबावं.

४. जागा सोडू नये : जिथून लोळ पाहिला तिथं पायाशी खूण करावी. लोळ कुठं सुरू झाला आणि कुठं विझला, हे झाड, विजेचा खांब, देवळाचा कळस अशा खुणांवरून लक्षात ठेवावं. ध्रुवतारा माहीत असेल तर उत्तर नक्की होते. सकाळी त्याच जागेवरून खुणांचा फोटो काढावा आणि मोबाईलच्या होकायंत्रानं दिशा घ्यावी.

५. उंची : क्षितिजापासून किती मुठी वर होता ते मोजावं.

६. रंग, तुकडे, शेपटी : किती तुकडे झाले, मागं धुराची रेघ राहिली का, किती वेळ राहिली.

७. सीसीटीव्ही : पेट्रोल पंप, दूध डेअरी, कारखान्याचं गेट, सराफाचं दुकान अशा ठिकाणी कॅमेरे असतात. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून दुसऱ्याच दिवशी मालकाला सांगून तेवढा भाग जपून ठेवावा. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का तेही पाहावं.

घरातल्या दोघा-तिघांनी पाहिलं असेल तर आधी प्रत्येकानं वेगवेगळं लिहावं आणि मगच बोलावं. एकमेकांचं ऐकलं की सगळ्यांची गोष्ट एकसारखी होते, आणि बरोबर काय ते कळत नाही.

आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अग्निगोळ्याची नोंद करण्यासाठी मोफत फॉर्म आहे. गावातला कॉलेजचा एखादा मुलगा तो मोबाईलवरून भरू शकतो. अनेक ठिकाणच्या नोंदी जमल्या की वाट नकाशावर काढली जाते.

दगड सापडला तर?

इथं नगरकरांची खरी अडचण आहे. आपली जमीनच काळ्या दगडाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून हा दख्खनचा पाषाण तयार झाला. विहीर खोदा, बांध फोडा, काळाच दगड निघतो. त्यामुळं प्रत्येक काळा, जड दगड आभाळातून आला असं वाटायला वेळ लागत नाही.

फरक असा ओळखावा :

• ताज्या अशनीवर जळल्यासारखी पातळ काळी साल असते, साधारण एक मिलिमीटरची. कोपरा तुटला असेल तर आतला रंग बहुधा फिकट राखाडी दिसतो. आपला काळा पाषाण आतूनही काळाच असतो.

• भोकं किंवा जाळी असलेला दगड बहुतेक इथलाच असतो, किंवा भट्टीतून निघालेला गाळ. अशनीत बुडबुड्यांची भोकं क्वचितच असतात.

• अशनीवर ओल्या कणकेत अंगठा दाबल्यासारखे खळगे दिसू शकतात.

• त्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा तो जड लागतो. फुटलेल्या भागात धातूचे चकाकणारे कण दिसू शकतात.

• लोहचुंबक लावून पाहायचा मोह टाळावा. काळ्या पाषाणातही लोहखनिज असतं, त्यामुळं तोही थोडाफार ओढला जातो आणि निकाल लागत नाही. उलट खरा अशनी असेल, तर चुंबकामुळं त्यातली जुनी चुंबकीय खूण बिघडते. शास्त्रज्ञांना तीच हवी असते.

दगड उचलण्याआधी जागेवर फोटो काढावा. शेजारी पेन किंवा नाणं ठेवावं म्हणजे आकार कळतो. मोबाईलवर जागेचं लोकेशन जपून ठेवावं. मग स्वच्छ पिशवी हातात घालून, किंवा डबा बांधायच्या चंदेरी फॉइलनं दगड उचलावा आणि कोरड्या जागी ठेवावा. धुवू नये, फोडू नये. कुणी श्रद्धेनं तेल-शेंदूर लावायला निघालं, तर समजावून थांबवावं. असा माखलेला दगड तपासणीच्या कामाचा राहत नाही.

त्यानंतर पोलीस पाटील किंवा तलाठ्याला कळवावं आणि तहसील कार्यालयात लेखी द्यावं. पोच घ्यावी. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तातडीचा धोका असेल तर ११२. तपासणीचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग करतो.

'कोटीचा दगड' म्हणणाऱ्यापासून सावध

उल्कापाताची बातमी आली की काही टोळ्या गावात फिरतात. 'या दगडाला नासा कोटी रुपये देते', 'वीज पडलेलं तांब्याचं भांडं तांदूळ ओढतं, इस्रो घेते' अशी थाप मारतात. आधी तपासणीची फी, मग केमिकलचा खर्च, मग पार्टीच्या हॉटेलचं बिल असे पैसे उकळतात. गडी गावाबाहेर गेला की फोन बंद. इस्रो किंवा नासा गावात माणूस पाठवून दगड-भांडी विकत घेत नाही. असा कुणी आला तर पोलिसांना कळवावं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करावी.

लोळ दिसला म्हणजे कुणाचा तरी मृत्यू, गावावर संकट, अमुक विधी करावा लागेल, असं सांगून पैसे मागणाराही याच माळेचा मणी. दगड अवकाशात कोट्यवधी वर्षं फिरत असतो, त्याला गावातल्या कुणाचं नाव ठाऊक नसतं.

कधी पाहावं?

पावसाळ्यात ढगांमुळं ऑगस्टचा उल्कावर्षाव आपल्याकडं बहुधा हुकतो. पाऊस उघडल्यावर मात्र आपलं आभाळ उत्तम.

• ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध : वृषभ राशीतून येणाऱ्या उल्का. संख्येनं कमी, पण सावकाश आणि तेजस्वी. दिवाळीच्या आसपास दिसणारे काही लोळ यातले असतात.

• १७-१८ नोव्हेंबर : सिंह राशीतला वर्षाव, पहाटे.

• १३-१४ डिसेंबर : मिथुन राशीतला वर्षाव, वर्षातला सगळ्यात चांगला. चंद्र नसेल तर रात्री दहानंतर पहाटेपर्यंत भरपूर उल्का दिसतात.

• ३-४ जानेवारी : थोडाच वेळ टिकणारा वर्षाव, पहाटे.

या वर्षावांतल्या उल्का बहुतेक वरच जळून जातात, त्यातून सहसा दगड पडत नाही. दगड टाकणारा लोळ कुठल्याही रात्री, न सांगता येतो.

शहरात दिव्यांच्या झगमगाटात आभाळ दिसत नाही. जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर, अकोल्याच्या शिवारात ते अजून दिसतं, आणि तिथं रात्री जागा असतो तो पाणी भरणारा शेतकरी. उद्या एखादा लोळ गेला तर त्यानं वेळ आणि दिशा एवढं जरी लिहून ठेवलं, तरी १८६६ च्या जामखेडनंतर जिल्ह्यातल्या आणखी एखाद्या गावाचं नाव त्या यादीत जाऊ शकतं.